वन्संच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी १०.४०
आजपासून पुन्हा रोजनिशी. पुढे वाद झालाच तर लेखी नोंद हाताशी असावी. भावनांना थारा नाही. फक्त फॅक्ट्स.

काल संध्याकाळी हे वन्संचा रेडिओ घेऊन आले. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. वय बहात्तर, जिभेचं वय अठरा. परवा त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन. दुसरा डोळा पूर्वीच गेलेला. म्हणजे सहा आठवडे मान खाली घालून बसायचं, डोळ्यावर पट्टी, वाचन नाही, टीव्ही नाही. एकट्या राहू शकणार नाहीत. हे म्हणाले, आमच्याकडे ये. त्यावर वन्संचं उत्तर असं की, आधी माझा रेडिओ नेऊन ठेव. तो तिथे नीट वाजला तर येते. नाहीतर मी हॉस्पिटलच्या शुश्रूषागृहात राहीन, तिथल्या नर्स निदान पगार घेऊन टोमणे मारतात.

शनिवारी, पंधरा तारखेला त्यांना घरी सोडणार आहेत.

रेडिओला चिठ्ठी चिकटवलेली होती. शाळकरी मुलीच्या टपोऱ्या अक्षरात: "मॅडम, याला हात लावू नकोस."

एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवलेल्या बाईला ही सूचना! चिठ्ठी काढून टाकली. पेटी लाकडी, आत दिव्यांसारखे व्हॉल्व्ह. वयाने माझ्याएवढाच असेल, पण निगा नाही. पुढच्या जाळीच्या कापडावर धूळ किती, तर बोटाने नाव लिहावं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पांढरा हातमोजा घालून बाकाखालून हात फिरवायच्या. या रेडिओला त्यांनी आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मागची पाठ उघडली. स्पीकरच्या दोन तारा चिमट्याने अडकवल्या होत्या, त्या सोडवल्या. स्पीकर बाहेर घेऊन कापड ब्रशने साफ केलं. सेट मुद्दामच चालू ठेवला, कारण आत ऊब राहून ओल निघून जाते. मेथॉडिकल काम. चाळीस मिनिटं.

दुपारी १२.१५
तारा परत जोडल्या. डायलचा दिवा लागतो. रेडिओ बोलत नाही. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरलेलं आढळलं. पुसताना फिरलं असावं. किंचित वास. या वयात वास असायचाच.

४.३०
अजून बोलत नाही. मालकिणीवर गेलाय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
रेडिओ भाजीच्या ट्रॉलीत घालून, वर शाल पांघरून, यांच्याबरोबर दुरुस्तीवाल्याकडे. कोपऱ्यावरचं दुकान, मिक्सर आणि पंख्यांचा ढीग. माणूस साठीचा, कपाळावर दोन चष्मे. त्याने नाक आत घालून वास घेतला, मीटरच्या दोन सुया लावल्या आणि म्हणाला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाय. मग मला समजावू लागला. मला! की व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचं थेट जमत नाही. व्हॉल्व्हला समोर सात हजार ओहमचा अडथळा लागतो, स्पीकर असतो जेमतेम तीनचा. ट्रान्सफॉर्मर मध्ये बसून दोघांचं जुळवून देतो.

मी म्हटलं, ठाऊक आहे.

मग विचारतो, बाई, स्पीकर सुटा असताना सेट चालू होता का?

मी विचारलं, पुरावा काय? तो म्हणाला, पुरावा कसला, वास सांगतो. स्पीकर नसला की जोराला बाहेर पडायला वाट उरत नाही, तो उलटून गुंडाळीतच फुटतो. मी म्हटलं, वयोमान. त्याने यांच्याकडे पाहिलं. यांनी पंख्यांकडे पाहिलं.

नवीन मिळत नाही म्हणाला. जुळवायचा तर दहा-बारा दिवस. पुन्हा गुंडाळून देणारं आता कुणी उरलेलं नाही. वन्सं यायला अकरा दिवस आहेत आणि हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला निदान सांगणार. रेडिओ परत घेतला.

जळका ट्रान्सफॉर्मर त्याने सोडवून कागदात बांधून दिला. फेकू नका म्हणाला. हे हाताचं काम आहे. प्रत्येक थराखाली कागद, कडेला केसभर जागा सोडलेली, आणि तीही सगळीकडे सारखी. ज्याने केलं त्याला एकदा भेटलो असतो. मी म्हटलं, कारखान्याचा माल असेल.

निश्चय: दुरुस्ती मी स्वतः करणार. ट्रान्सफॉर्मर हा धडा मी एकतीस वेळा शिकवलाय. आकृती बोर्डावर डोळे मिटून काढते. प्रत्यक्ष ट्रान्सफॉर्मर प्रयोगशाळेच्या कपाटात होता. किल्ली लॅब असिस्टंटकडे असायची. पण तत्त्व तेच.

संध्याकाळी ७.००
हे चहा पिताना म्हणाले, तो ट्रान्सफॉर्मर ताईनेच गुंडाळलाय. तिच्या लग्नाच्या वर्षी.

चहा पुढे गेला नाही.

वन्सं बावीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंगला होत्या, हे मला माहीत होतं. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन समजावूनही सांगितलं होतं, सोप्या भाषेत. त्या म्हणाल्या होत्या, बरं झालं सांगितलंस मॅडम, बारा वर्षं मी उगाच गुंडाळत होते. तेव्हापासून चाळीस वर्षं मी मॅडम.

म्हणजे परिस्थिती अशी. हा प्रश्न सोडवू शकेल अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि तिला तो कळता कामा नये.

जळकं पुडकं कपाटात, साड्यांच्या मागे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
ऑपरेशन. हे सकाळपासून हॉस्पिटलमध्ये. मी घरी. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. त्यांना पॉलिशची गरज होतीच.

२.५० ला फोन. ऑपरेशन नीट झालं. गुंगी उतरल्यावर वन्संनी पहिलं वाक्य काय उच्चारलं, तर रेडिओ वाजतो ना रे? हे म्हणाले, हो, तिकडे ती बघतेय. तांत्रिकदृष्ट्या अचूक उत्तर. यांच्याकडून अपेक्षा नव्हती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
मल्टिमीटर आणला. स्पीकर मोजला: २.८. दुरुस्तीवाला तीन म्हणाला होता. अंदाजपंचे माणूस.

मग दुकानं. पहिल्या दुकानात मोबाइलची कव्हरं. दुसऱ्या दुकानातला म्हणाला, आजी, म्युझियममध्ये विचारा. त्याच्याशी सात मिनिटं बोलले. पुढच्या गिऱ्हाइकाला तो उभा राहून नमस्कार करत होता. तिसऱ्याने चौथ्याकडे पाठवलं, तो लाउडस्पीकर भाड्याने देणारा. त्याच्या पत्र्याच्या डब्यात मुठीएवढे ट्रान्सफॉर्मर. मैदानातल्या भोंग्यांच्या पोटात हे बसवतात आणि जुन्या रेडिओचे शौकीनही हेच नेतात, म्हणाला. एका बाजूला स्पीकरसाठी वायर. दुसऱ्या बाजूला चार वायरी, प्रत्येकीवर वॅटचा आकडा: दहा, पाच, अडीच, सव्वा. यातली एक निवडून जोडायची.

तो कोणती ते सांगू लागला. म्हणाला, बाई, रेडिओला लावताना आकडा जितका... मी थांबवलं. म्हटलं, मला वाचता येतं. तो म्हणाला, आनंद आहे.

नऊ दिवस बाकी. आवश्यकता दोन दिवसांची. तुलनेने निवांत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
हिशेब. सात हजार भागिले तीन, त्याचं वर्गमूळ: ४८.३. म्हणजे वळणांचं प्रमाण अठ्ठेचाळीसास एक. कॅल्क्युलेटरशिवाय काढलं.

आता चारपैकी वायर कोणती? मीटर लावला. दहा वॅटची वायर साठ ओहम दाखवते. सव्वाची चारशे ऐंशी. सात हजार कुठेच नाही. दोनदा मोजलं. निष्कर्ष: सात हजार ही दुरुस्तीवाल्याची थाप.

हे म्हणाले, पण तो मीटर नुसता तारेचा रोध मोजतो ना? बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा वेगळा असतो, असं तूच मागे पुतणीला शिकवताना म्हणाली होतीस. मी म्हटलं, तो बारावीचा भाग, तो दुसऱ्या मॅडम घ्यायच्या. यांनी आयुष्य जीवन विम्यात काढलं. पुतणीच्या शिकवणीला कान लावून बसायचं यांना कारण काय?

निर्णय: दहा वॅट. सव्वा म्हणजे नापास मुलाचे मार्क. वन्संना ऐकू यायला हवं.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ११.३०
काल सोल्डरिंगचा सराव. टेबलक्लॉथला एक भोक. फुलदाणी ठेवली की दिसत नाही. दोन भोकं.

आज बसवणी. प्लग काढलेला होता, हे प्रथम नमूद करते. हे झाडूचा लाकडी दांडा घेऊन उभे होते. मला चिकटलं तर ढकलायला, म्हणाले. मी म्हटलं, प्लग काढलाय, बावळटपणा पुरे. आणि आत हात घातला.

११.५५
संपर्क झाला. क्षणिक. कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज साठवून ठेवतो, हे धड्यात आहे. इतका साठवतो, हे धड्यात नाही. यांनी दांड्याने ढकललं ते मी आधीच दूर गेल्यानंतर, आणि खांद्यावर. चहा घेतला. बशीत सांडला. कपाचं वयोमान.

४.१०
दोन टाके पूर्ण. एक तार चुकीच्या जागी. काढली. एक टाका पूर्ण.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ८.०५
बोलला!

रेडिओ बोलला. मी खुर्चीत बसले. उगाच नाही, पाय दुखत होते.

बातम्या लागल्या. आवाज थोडा बारीक. बटण निम्म्यावर असताना निवेदक कोठीतून बोलतोय असं वाटतं. बटण पूर्ण फिरवलं तर कोठीत त्याच्या नाकाला चिमटा लावलाय असं वाटतं. सतार टिनच्या डब्याची झाली. हे बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, दहा वॅट ना? मग इतका क्षीण का? मी म्हटलं, आजारी माणसाच्या खोलीला हलका आवाजच योग्य. ते म्हणाले, ताईला कळेल. मी म्हटलं, डोळ्यावर पट्टी आहे. ते म्हणाले, कानांवर नाही ना.

निश्चय: यांच्याशी तांत्रिक विषयावर चर्चा बंद.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
रेडिओ भिंतीला टेकवून पाहिला. मग कोपऱ्यात. मग स्टीलच्या पातेल्यावर. पातेल्यावर किंचित बरा. हे म्हणाले, ताई आली की पातेल्याचं काय सांगणार? उत्तर द्यायला मी बांधील नाही.

दुरुस्तीवाल्याच्या दुकानावरून तीनदा गेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तिसऱ्या फेरीला त्याने हाक मारली, काय बाई, बोलला का? मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, कोणत्या टोकाला जोडलात? मी म्हटलं, उशीर होतोय.

चार दिवस बाकी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.२०
हे लिहावं की नाही, असा विचार केला. पण फॅक्ट्स म्हटल्यावर फॅक्ट्स.

पाच वाजता वन्संचा फोन आला. यांनी स्पीकरवर टाकला. आवाज मान खाली घातल्यामुळे घोगरा. म्हणाल्या, इथं आठ दिवस फरशी बघतेय, म्हणजे तीही दिसत नाही. शेजारच्या खाटेवरची बाई सुनेबद्दल बोलते ते ऐकते. सून बरी वाटायला लागलीय. मग म्हणाल्या, फोन जरा रेडिओजवळ धर रे. किती दिवस झाले ऐकून.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओ लावला. पातेल्यावरच होता. यांनी फोन जाळीजवळ धरला. कुणीतरी शेतीवर भाषण देत होतं. मी मनात आकडे मोजत होते. बावन्नपर्यंत गेले.

मग वन्सं म्हणाल्या, कुणी हात लावला त्याला?

आणि मी म्हटलं, यांनी पुसला.

हे असंच घडलं. मी वाक्य जुळवलं नव्हतं. तोंडातून आलं.

हे समोर उभे, हातात फोन. वन्संनी त्यांना जे सुनावायला सुरुवात केली ते मी लिहीत नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसाला धाकट्या भावासारखं. हे हूं हूं करत राहिले. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी वन्सं म्हणाल्या, तो बिघडलाय. मग मी तिथं येऊन काय भिंत ऐकू? तुम्ही दोघं माझ्यासमोर कुजबुजणार आणि मी मान खाली घालून बसणार. शुश्रूषागृहात विचारते उद्या, खाट आहे का.

हे म्हणाले, ताई, शनिवारी ये, एकदा समोर बसून ऐक. मग ठरव. त्या म्हणाल्या, बरं. येते आणि ऐकते. पटलं नाही तर रविवारी सोडून यायचं.

फोन ठेवून हे गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलं होतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
हे बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे, मीठ दे, वर्तमानपत्र कुठे, एवढं बोलतात. चाळीस वर्षांत मी यांना कितीतरी गोष्टी ऐकवल्या, त्यांना राग येत नाही. हा राग नाही, हे मला कळतं. राग असता तर मी उत्तर दिलं असतं.

वन्संची खोली तयार केली. टेबल खिडकीशी, कारण त्यांना टेबलावर कपाळ टेकून बसायचंय. उशी मऊ. बाथरूमपर्यंत दोरी बांधली, धरून जायला. बारा पावलं. मी डोळे मिटून चालून पाहिलं. तेरा.

उद्यासाठी तीन स्पष्टीकरणं तयार केली. पहिलं हवामान. दुसरं रेडिओ केंद्राचा दोष. तिसरं आठवत नाही, पण ते चांगलं होतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी. दुपारी ३.००
वन्सं ११ वाजता आल्या. हनुवटी छातीला, डोळ्यावर पांढरं झाकण, एक हात यांच्या खांद्यावर. दारात म्हणाल्या, मॅडम, तू समोर उभी आहेस ना? फिनाइलचा वास येतोय. मी म्हटलं, या वन्सं. त्या म्हणाल्या, आलेच आहे, टिकते का बघू.

टेबलाशी बसल्या. कपाळ उशीला. म्हणाल्या, लाव.

लावला. पातेलं काढलं होतं. एक बाई मुलाखत देत होती. वन्सं हलल्या नाहीत. मग हात पुढे करून पेटीच्या माथ्यावर तळवा ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

बंद कर, म्हणाल्या.

मी हवामानाला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, कुठला ट्रान्सफॉर्मर घातलाय? भोंग्याचा? मी म्हटलं, हो. कितीच्या वायरवर? मी म्हटलं, दहा. मग त्या उशीतच म्हणाल्या, सव्वावर टाक.

मी म्हटलं, सव्वा म्हणजे सर्वांत कमी. त्या म्हणाल्या, आकडा कमी म्हणजे वळणं जास्त. वळणं जास्त म्हणजे अडथळा जास्त. व्हॉल्व्हला तेवढाच हवा, सात हजारच्या आसपास. दहाच्या वायरवर जेमतेम एक हजार मिळतो. व्हॉल्व्ह बिचारा हवेत गुद्दे मारतोय. मी म्हटलं, पण मीटर सव्वाला फक्त चारशे ऐंशी दाखवतो. त्या म्हणाल्या, मीटर तार किती लांब ते सांगतो, मॅडम. ती वेळेला किती अडून बसते ते मीटरला काय कळणार?

हे दाराशी उभे होते. बारावीच्या भागाबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

प्लग काढला. कपॅसिटर रिकामा केला. तोही वन्संनी सांगितल्याप्रमाणे. एक टाका काढला, एक घातला. अकरा मिनिटं. लावला.

मुलाखतवाली बाई खोलीत येऊन बसली. दुसरा शब्द नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मध्येच हसली तर यांनी मागे वळून पाहिलं.

वन्संनी बराच वेळ ऐकलं. मग आवाज हळू केला, बरोबर बटणावर हात नेऊन, आणि म्हणाल्या, आता खरं बोला. माझा ट्रान्सफॉर्मर गेला तो स्पीकर काढून सेट चालू ठेवला म्हणून. दुसरं कारण नाही. का रे, तू काढलास?

फॅक्ट अशी की हे हो म्हणणार होते. त्यांच्या ओठांवर होकार आलेला मी पाहिला.

मी म्हटलं, मी.

मग बाकीचंही सांगितलं. चाळीस मिनिटं. ब्रश. बटण पूर्ण फिरलेलं. चिठ्ठी काढून टाकली ते. परवा फोनवर यांचं नाव घेतलं ते. कबुली स्वेच्छेने आणि मुद्देसूद दिली, याची इथे नोंद. मध्ये एकदा चष्मा पुसला. धूळ.

वन्सं म्हणाल्या, माहीत होतं. त्याने जन्मात उशीचा अभ्रा काढून झटकलेला नाही, तो स्पीकर काढणार? पण तू म्हणतेस का ते बघायचं होतं.

मग म्हणाल्या, जळका कुठाय? फेकलास?

साड्यांमागून पुडकं आणून हातात दिलं. त्यांनी कागद सोडला आणि बोटांनी चाचपला. कडा, कोपरे, करपलेली बाजू. बोटं तिथे थांबली. मी तिन्ही स्पष्टीकरणं आठवून पाहिली. एकही आठवलं नाही.

त्या म्हणाल्या, भोंग्याचा चालेल तात्पुरता. याला खालचे सूर पेलत नाहीत, तबला ऐकशील तर कळेल. या जळक्याच्या लोखंडी पट्ट्या अजून चांगल्या आहेत. हा परत गुंडाळायचा.

मी म्हटलं, वन्सं, डोळे? त्या म्हणाल्या, माझे कशाला लागतात? हात तुझे. मी बसते इथं.

रविवारचं कुणी काही बोललं नाही.

जेवताना हे म्हणाले, कोशिंबीर छान झालीय. कोशिंबीर कालचीच होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी
दुरुस्तीवाल्याकडून तार आणली. केसाइतकी बारीक. हाताने फिरवायचं यंत्रही त्याच्याकडे धूळ खात पडलं होतं, ते दिलं. कोण गुंडाळणार विचारलं. मी म्हटलं, तुम्ही ज्यांना भेटलो असतो म्हणालात त्या. आणि मी. माणूस दोन्ही चष्मे कपाळावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

योजना. व्हॉल्व्हच्या बाजूला तीन हजार वळणं, स्पीकरच्या बाजूला बासष्ट. माझं अठ्ठेचाळीसचं प्रमाण लावलं तरी बासष्टच येतात. वन्संनी वर्गमूळ वगैरे काढलं नाही, त्यांना नुसतं आठवत होतं. असो. मिनिटाला शंभर या वेगाने तीन हजारांना अर्धा तास. कागद घालायला दहा मिनिटं. उद्या जेवणाआधी संपेल. यंत्राला मोजणीचा काटा नाही, पण मी एकतीस वर्षं हजेरी घेतलीय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
सकाळी ९.३० ला सुरुवात. ९.३४ ला तार तुटली. दोष तारेचा. वन्सं म्हणाल्या, ओढू नकोस, ती काय कान आहे? पुन्हा सुरुवात. दोनशे दहावर तुटली. पुन्हा. सहाशे चाळीसवर तुटली. वन्सं उशीतून म्हणाल्या, सुधारतेयस, पहिल्या दिवशी मी चारशेच्या वर गेले नव्हते. हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, कळायला मार्ग नाही. चेहरा खाली असतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी. दुपारी १.१५
आज तार तुटली नाही. हे इथे ठळकपणे नमूद करते.

पहिला थर, कागद, दुसरा थर, कागद. कडेला केसभर जागा, सगळीकडे सारखी नसली तरी सगळीकडे होती. रेडिओ हळू चालू. वन्सं कपाळ टेकून बसलेल्या. पाचशे. आठशे. हजार झाली तेव्हा हे दारातून टाळी वाजवून गेले. बाराशे पार झाल्यावर वन्संनी विचारलं, काय गं मॅडम, थरामध्ये कागद का घालतात, तुझ्या पुस्तकात दिलंय का?

पुस्तकात नाही, पण कारण मला ठाऊक होतं. थरांमधला विद्युतदाबाचा फरक. सांगायला लागले. त्यावरून इन्सुलेशन, त्यावरून प्रवर्तन, त्यावरून चाळीस वर्षांपूर्वी मी त्यांना जे समजावलं होतं त्यात एक चूक होती ती. ती चूक मी नंतर वर्गात कधी केली नाही, पण त्यांना दुरुस्त करून सांगितली नव्हती. आज सांगितली. हात चालूच होता. पंचवीस मिनिटं झाली असावीत.

मग वन्सं म्हणाल्या, छान. किती वळणं झाली?

मी हातातल्या यंत्राकडे पाहिलं. यंत्राला काटा नाही.

मी म्हटलं, तुम्ही मोजत होतात ना? त्या म्हणाल्या, बाराशे चाळीसपर्यंत मोजत होते. मग तू बोलायला लागलीस, म्हणून ऐकत राहिले.

आजची वळणं: शून्य.